सुईदोऱ्याची बखर

मराठी माणूस मुलूख सोडून बाहेर पडला तेव्हा त्याने बरोबर काय नेले, याची नोंद इतिहासकारांनी बऱ्याच तपशिलाने केली आहे. सतराव्या शतकात तो तंजावरास गेला तेव्हा कीर्तन आणि मोडी दप्तर घेऊन गेला. अठराव्या शतकात बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे गेला तेव्हा फौज, फडणिशी आणि वाडे बांधण्याची पद्धत घेऊन गेला. विसाव्या शतकात रेल्वे, टपाल, लष्करी हिशेब आणि केंद्र सरकारची इतर खाती यांच्या नोकरीनिमित्त जो मध्यमवर्ग देशभर पांगला, त्याने गणेशोत्सव, नाटक आणि दिवाळी अंक नेले. हे सर्व खरे आहे. परंतु या प्रत्येक प्रवासात आणखी एक वस्तू होती, आणि तिची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ती वळकटीत गुंडाळलेली असे, पुढे होल्डॉलमध्ये गेली. ती म्हणजे घरी शिवलेली गोधडी.

इतिहास विषय घेऊन मिळवलेली पदवी आणि केंद्र सरकारच्या बदल्यांची नोकरी, एवढेच आमचे भांडवल. परंतु बदलीच्या नोकरीचा एक लाभ असा की, निरनिराळ्या प्रांतांतील घरे आतून पाहावयास मिळतात. ती पाहताना आमच्या मनात हळूहळू एक गोष्ट पक्की झाली. आपल्याकडील स्त्रियांनी लिहून ठेवलेला इतिहास थोडा आहे. शिवून ठेवलेला इतिहास पुष्कळ आहे. तो माजघरात आहे, बाळाच्या पाळण्यात आहे आणि बैलाच्या पाठीवरही आहे. मात्र तो वाचण्याची सवय आपण लावून घेतली नाही. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्या इतिहासाची चार पाने उलगडावीत, असा या लेखाचा हेतू आहे.

सुईदोऱ्याचे वय या देशात फार मोठे आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात एका चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा मिळाला आणि तो मंजिष्ठेने रंगवलेला होता. सिंधू संस्कृतीच्या नगरांत तांब्याच्या व काशाच्या सुयाही सापडल्या आहेत. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले. तेथे ताम्रपाषाण काळातील एका बालकाच्या दफनात, गळ्याभोवती तांब्याच्या मण्यांची माळ आढळली. त्या मण्यांच्या भोकांत कापूस आणि रेशीम यांच्या दोऱ्याचे अवशेष शिल्लक होते. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी एका लेकरासाठी तो दोरा ओवला होता. राजे गेले, त्यांची नावेही गेली. एका बालकाच्या गळ्यातील दोरा मात्र राहिला.

ठिगळाला प्रतिष्ठा दिली ती बौद्ध भिक्षूंनी. टाकून दिलेल्या वस्त्रांचे तुकडे गोळा करून, धुऊन, शिवून चीवर करावे असा त्यांचा परिपाठ होता. मगध देशातील बांध घातलेली भातखाचरे पाहून तशा चौकटींचे चीवर शिवावे असे भगवान बुद्धांनी सुचवले आणि आनंदाने त्याप्रमाणे ते बेतले, अशी कथा विनयपिटकात आहे. भाजे, कार्ले, अजिंठा येथील विहारांत जे भिक्षू वर्षावासाला राहिले, तेही याच परंपरेतील. संस्कृतात चिंध्यांच्या अशा पांघरुणाला ‘कंथा’ म्हणतात. बैराग्याच्या खांद्यावर ती असे, नाथपंथीयांच्या अंगावर असे. आपल्याकडे विसाव्या शतकात हीच परंपरा गाडगेमहाराजांनी (१८७६–१९५६) चालवली. चिंध्या जोडलेले वस्त्र पांघरून, हातात खराटा घेऊन ते गावोगाव हिंडले आणि लोक त्यांना गोधडेमहाराज म्हणू लागले. आपल्या भाषेत एका संतपुरुषाला गोधडीवरून नाव मिळाले, ही त्या वस्तूची थोरवी समजावी.

गोधडी कशी होते हे नव्या पिढीस ठाऊक असेलच असे नाही, म्हणून थोडे तपशिलाने सांगतो. जुने लुगडे नऊ वारांचे, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटरचे. त्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा माणसाच्या उंचीपेक्षा थोडा लांब भरतो. हे चार तुकडे एकावर एक ठेवले की एका माणसापुरती चौपदरी गोधडी तयार. म्हणजे लुगड्याची लांबी आणि गोधडीची लांबी यांचा मेळ आपोआप बसत असे. वरच्या आणि खालच्या पदराला त्यातल्या त्यात धड कापड घ्यायचे. आत फाटके धोतर, विटका परकर, बाह्या उसवलेला सदरा असे काय असेल ते अंथरायचे. उन्हाळ्यातील दुपारी, शेताची व घरची मोठी कामे आटोपली की, हे थर जमिनीवर पसरून कडेला पाटे-वरवंटे ठेवायचे, सुरकुत्या काढायच्या आणि चार बाजूंनी चौघीजणींनी बसायचे. टाका एकच, धावदोऱ्याचा. वर-खाली, वर-खाली असा तो कडेकडेने सुरू होऊन आत सरकत जातो. शेवटी लुगड्याचा फाडून ठेवलेला काठ भोवती लावला की कडा उसवत नाहीत.

सरकारी नोकरीत आकडेमोडीची खोड लागतेच. दोन मीटर लांब आणि एक मीटर दहा सेंटिमीटर रुंद अशी गोधडी धरली, आणि टाक्यांच्या ओळींत दोन सेंटिमीटरांचे अंतर धरले, तर पंचावन्न ओळी होतात. त्यांची एकूण लांबी एकशे दहा मीटर. सेंटिमीटरला एक टाका म्हटले तरी अकरा हजार टाके. हातांचे हे काम एका पांघरुणासाठी, आणि घरात माणसे आठ-दहा. त्या टाक्यांचा उपयोग केवळ थर धरून ठेवण्याचा नव्हे. टाक्यांमुळे थरांच्या मधे हवेचे लहान लहान कप्पे अडून राहतात आणि तीच हवा ऊब देते. शिवाय वर्षानुवर्षे धुतलेले सुती कापड इतके मऊ झालेले असते की, तान्ह्या बाळाच्या कातडीला ते नव्या कापडापेक्षा अधिक मानवते. बाळंतविड्यातील झबले, टोपडे, कुंची नवी कोरी असली तरी बाळाच्या अंगाखालचे दुपटे आजीच्या जुन्या लुगड्याचे असावे, असा आग्रह असे. त्यात माया होती, तसे शहाणपणही होते.

कापडाच्या या संसारात काहीच वाया जात नसे. लुगड्याची गोधडी, गोधडी विरली की तिची दुपटी, दुपट्यांचे पायपुसणे, पायपुसण्याचे पोतेरे आणि एखादी धांदोटी उरलीच तर कंदिलाची वात. या साखळीत माणसांबरोबर जनावरांचाही वाटा असे. व्यालेल्या गाईच्या वासराखाली विरलेली वाकळ अंथरली जाई. मांजर तर पिले घालण्यासाठी हटकून गोधड्यांचीच उतरंड शोधी, आणि तिला हाकलण्याऐवजी घरातील म्हातारी एक जुने दुपटे कोपऱ्यात टाकून देई. मांजराला वेगळे अंथरूण हवे, कुत्र्याला बसायला तरट हवे, हे आजच्या घरांत नव्याने आलेले लाड आहेत असे काहींना वाटते. ते तितकेसे बरोबर नाही. पूर्वीही ते होते. फक्त ते विकत मिळत नसत.

जनावरांसाठी शिवण्याची आपली परंपरा तर स्वतंत्र लेखाचा विषय होईल. मराठ्यांच्या घोडदळाची ख्याती त्याच्या हलकेपणाबद्दल होती. घोड्याच्या पाठीवर जे जाड शिवलेले खोगीर घालीत, त्यात चिंध्या, लोकर असे मिळेल ते भरून ते फुगवीत. त्यावरूनच ‘खोगीरभरती’ हा शब्द आला, आणि आज तो आपण कमिटीतील निरुपयोगी सभासदांना उद्देशून वापरतो. घोड्याच्या पाठीला मात्र ती भरती निरुपयोगी नव्हती. तिच्यावाचून पाठ सोलवटली असती.

बैलाचे भाग्य घोड्यापेक्षा थोर. श्रावण अमावास्येच्या पोळ्याला आणि काही भागांत आषाढातील बेंदराला त्याला न्हाऊ घालून, खांदे मळून, शिंगे रंगवून त्याच्या पाठीवर झूल घालतात. गोंडे, मोरकी, घुंगरमाळा आणि कपाळाला बाशिंग. यातील रंगीबेरंगी झूल पुष्कळ घरांत घरीच शिवली जाई. लाल-हिरव्या खणांचे तुकडे, आरशाच्या टिकल्या, कवड्या असे वर्षभर जमवलेले सामान तिच्या कामी येई. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्यात मुले लाकडी बैल मिरवतात आणि त्या चिमुकल्या बैलांनाही साजशृंगार लागतो. नंदीबैलवाल्याच्या बैलाची ठिगळांनी सजलेली झूल पाहिलेला वाचक तर ती विसरणे शक्य नाही. छत्तीसगडमध्ये आपले जे बांधव राहतात त्यांना ठाऊक असेल की, तेथेही पोळा साजरा होतो आणि मुले मातीचे बैल ओढतात. सौराष्ट्रात व कच्छात बैलाच्या पाठीवरची झूल, तोंडावरचा आरसेकामाचा पट्टा आणि शिंगांवर चढवायच्या कापडी खोळी असा सगळा संच भरतकामाने शिवतात, आणि लग्नाच्या गाडीचे बैल नवरदेवाइतकेच नटतात. उत्तरेकडे थंडी कडाक्याची. पौष-माघात दिल्लीच्या जुन्या वस्त्यांत किंवा काशीच्या गल्ल्यांत गेले तर शेळ्यांच्या अंगावर मुलांचे जुने स्वेटर दिसतात आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना कोणीतरी गोणपाटाचे अंगरखे घातलेले असतात. वापरून झालेले वस्त्र फेकण्याआधी ते दुसऱ्या कोणाच्या अंगाला येईल काय, हा विचार सर्व प्रांतांत सारखाच आहे.

आणि येथेच, परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना उपयोगी पडेल असा एक धडा या बखरीत सापडतो. गोधडी ही आपली खास वस्तू, असे मनाशी धरून आपण बाहेर पडतो. पाहावे तो तिच्या बहिणी भारतभर पसरलेल्या.

बंगालात तिला ‘काँथा’ म्हणतात. जुन्या पांढऱ्या साड्यांचे थर, मधोमध शंभर पाकळ्यांचे कमळ आणि भोवती पालखी, हत्ती, मासे, नावा. रंगीत दोरा विकत आणीत नसत; साडीच्या काठांतूनच तो एकेक करून उपसून काढीत. भारतीय सनदी सेवेत अधिकारी असलेले गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) नोकरीनिमित्त बंगालचे जिल्हे फिरताना लोककलेच्या वस्तू जमवीत आणि त्यांनी शेकडो काँथा जतन केल्या. त्यांच्या संग्रहात मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने एकोणिसाव्या शतकात आपल्या वडिलांसाठी स्वहस्ते केलेली एक काँथा आहे आणि तीवर तिने तसा मजकूर सुईनेच लिहिला आहे. पुढे १९२९ मध्ये कवी जसीमुद्दीन यांनी ‘नक्षी काँथार माठ’ हे कथाकाव्य लिहिले. त्यातील नायिका आपल्या आयुष्याची सारी कहाणी एका पांघरुणावर शिवते. बंगाली माणसाने आपल्या गोधडीला वस्तुसंग्रहालयात आणि काव्यात जागा दिली, हे आम्हांस विशेष वाटते.

बिहारात तिला ‘सुजनी’ म्हणतात. नवजात बाळाला जुन्या कापडांच्या शिवलेल्या पांघरुणात गुंडाळायचे, म्हणजे चिंध्यांची देवता त्याचे रक्षण करते, अशी तेथील श्रद्धा. मुझफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा गावच्या स्त्रियांनी गेल्या काही दशकांत तीवर स्वतःच्या जगण्यातील प्रसंग शिवावयास सुरुवात केली आणि तिचे नाव दूरवर पोचले. राजस्थान व सिंधच्या सीमेवर हीच ‘रल्ली’ होते. पंजाबात फुलकारी हे पांघरूण नव्हे, अंगावर घ्यायची ओढणी. पण नातीसाठी आजीने शिवायला घ्यावे ही रीत तिथलीच. सगळे कापड भरतकामाने झाकून टाकणाऱ्या ‘बाग’ प्रकारात एका कोपऱ्यात मुद्दाम थोडी जागा मोकळी ठेवतात किंवा वेगळ्याच रंगाचा टाका घालतात, म्हणजे दृष्ट लागत नाही. आपल्या बाळाच्या गालावरची काजळाची तीट ती हीच.

कर्नाटक तर आपले शेजारघर. धारवाड-हुबळीकडील कसुती आपल्या आज्यांनी ‘कर्नाटकी कशिदा’ या नावाने आपलीशी केली. इरकली लुगड्यावर धागे मोजून भरलेले गोपूर, रथ आणि तुळशीवृंदावन, उलट-सुलट दोन्हीकडून सारखेच दिसणारे. त्याच प्रांतात उत्तर कन्नडच्या जंगलात, यल्लापूर आणि हल्याळच्या आसपास सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. पोर्तुगीजांच्या काळी गोव्यात गुलाम म्हणून विकले गेलेले पुष्कळजण तेथून निसटून घाटावरच्या रानात आले. त्यांच्या स्त्रिया जी गोधडी शिवतात तिला ‘कवंद’ म्हणतात. ती कडेपासून सुरू होते आणि फेऱ्या घेत मध्यापर्यंत जाते. चारही कोपऱ्यांना तुकडे दुमडून केलेली त्रिकोणी ‘फुले’ लावल्यावाचून ती पुरी होत नाही. फुलांवाचून कवंद उघडीबोडकी, असे त्या मानतात. ज्यांच्याकडून मायभूमी, नाव आणि स्वातंत्र्य हिरावून घेतले गेले, त्यांनी दुसऱ्या मुलखात चिंध्यांतून सौंदर्य उभे केले. घर सोडून दूर राहण्याविषयी आपण तक्रारीचा सूर काढतो तेव्हा या लोकांचे स्मरण ठेवणे बरे.

आता यंत्राकडे वळू. अमेरिकेत एलियस हो याने १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये शिवणयंत्राचे पेटंट घेतले, आणि एकोणिसावे शतक संपण्यापूर्वी ते भारतात येऊन पोचले. १९३० च्या दशकात कलकत्त्यास ‘उषा’ हे देशी यंत्र तयार होऊ लागले. यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ मधील एका प्रसिद्ध संवादात शिवणयंत्राचा अपवाद केला. पत्नीचे कष्ट पाहून ते निर्माण झाले, म्हणून त्यामागे लोभ नसून प्रेम आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

महाराष्ट्रात या यंत्राने एक मोठे सामाजिक कार्य केले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन काढले आणि पुढे केडगावास मुक्ती सदन उभारले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम स्थापन केला, तोच नंतर हिंगण्यास गेला. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यास सेवासदन सुरू झाले. अशा संस्थांतून निराधार स्त्रियांना लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणकाम व हस्तव्यवसाय शिकवण्याची वाट रुळली. ज्या स्त्रीला दुसऱ्याच्या घरी भाकरी मागण्यावाचून मार्ग नव्हता, ती शिलाईवर मुलाचे शिक्षण करू लागली. कित्येक मराठी घराण्यांचा उत्कर्ष कोणाच्या पगारावर नव्हे, तर एका विधवा आजीच्या यंत्रावर उभा आहे. मात्र वंशावळीत तिचे नाव ‘अमुक यांच्या पत्नी’ एवढेच असते.

यंत्राने परकर-पोलकी, अभ्रे, पडदे शिवले. गोधडी मात्र त्याला साधली नाही. सहा-सात थरांची जाडी घरगुती यंत्राच्या सुईखाली धड सरकत नाही. गोधडी हातांचीच राहिली. तिला ओहोटी लागली ती दुसऱ्या कारणांनी. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिली कापडगिरणी काढली आणि नागपुरास १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरण्यांच्या स्वस्त कापडाने आरंभी गोधड्यांना भरपूर सामान पुरवले. पुढे सोलापुरी चादर आणि तयार ब्लँकेट घरोघर आले व गोधडी ट्रंकेच्या तळाशी गेली. नऊवारी लुगड्याच्या जागी पाचवारी साडी आली. तिच्यात चौपदरी गोधडीचा हिशेब बसेना. १९६० च्या दशकापासून नायलॉन आणि टेरिलीन आले. हे कापड सुईखाली निसटते, घाम शोषत नाही आणि धुऊन धुऊन मऊही होत नाही. त्याच सुमारास स्टेनलेस स्टीलची भांडी आली. बोहारीण दाराशी बसून चार जुन्या साड्यांवर एक पातेले देऊ लागली आणि गोधडीचा कच्चा माल परस्पर तिच्या गाठोड्यात गेला. गृहिणीला दोष देण्याचे कारण नाही. तिचा वेळ नोकरीत, रांगांत आणि मुलांच्या अभ्यासात जात होता. अकरा हजार टाक्यांपेक्षा एक पातेले तिला सोयीचे वाटले, तर त्यात वावगे काय? पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्याच एकेक करून मिटल्या. ज्या मालाने गोधडीला मागे सारले, त्या मालाचे कारखानेही इतिहासजमा झाले.

आज गोधडी पुन्हा दिसू लागली आहे. महिलांचे बचत गट ती शिवून विकतात, शहरांतील दुकानांत तिला चांगली किंमत येते. ही समाधानाची गोष्ट आहे, कारण शिवणाऱ्या हातांना दाम मिळू लागले. परंतु दुकानातील गोधडीत आणि घरच्या गोधडीत एक भेद राहतोच. घरच्या गोधडीतील प्रत्येक तुकडा कोणाचा, हे कोणालातरी ठाऊक असते. हा थोरल्या आत्याच्या लग्नातला खण, हे आजोबांचे धोतर, हा पहिल्या नातवाचा सदरा. हे ज्ञान कापडात नसते. ते सांगणाऱ्याच्या तोंडी असते. सांगणारी गेली की गोधडी राहते आणि इतिहास जातो.

आणि आता आपल्या मंडळाविषयी. या स्मरणिकेच्या निमित्ताने पन्नास वर्षांच्या इतिवृत्ताच्या वह्या व जमाखर्च चाळण्याची संधी आम्हांस मिळाली. ठराव आहेत, सूचक आहेत, अनुमोदक आहेत. काही विषय तर वर्षानुवर्षे भिजत घोंगड्यासारखे पडले आहेत, तेही आहेत. सरकारी नोकराला त्याचे नवल वाटू नये. पण जमाखर्चातील एका गोष्टीने आम्हांस थांबविले. जवळजवळ प्रत्येक गणेशोत्सवाच्या हिशेबात ‘कापड’ म्हणून रक्कम मांडली आहे: मखरासाठी, रंगमंचाच्या पडद्यासाठी, लेझीमच्या मुलांच्या फेट्यांसाठी, नाटकातील शेल्यांसाठी. शिलाईची रक्कम मात्र पहिल्या कित्येक वर्षांत कुठेच नाही. हिशेबनिसाची ही चूक नव्हे. शिलाईला पैसे पडलेच नाहीत. ती कोणाच्या तरी घरी, रात्रीचे जेवणखाण आवरल्यावर झाली. ज्या गोष्टीला पैसे पडत नाहीत तिची पावती नसते, आणि पावती नाही म्हणून नोंद नाही. अध्यक्ष व चिटणीस यांच्या नावांची पाटी भिंतीवर आहे. पहिल्या पडद्याचे गोट कोणी शिवले, हे मात्र कोणत्याही पाटीवर नाही.

त्या पिढीतील काही भगिनी आजही आपल्यात आहेत, पुष्कळजणी नाहीत. त्यांच्या गोधड्या, त्यांनी केलेली तोरणे, रुखवतातील मण्यांची कामे, पाळण्यावरची चिमणी-पोपटांची चिमखडी कामे आपल्या घरांत अजून असतील. परंतु आपली घरे आता लहान होत आहेत, मुले दूरदेशी जात आहेत आणि सामान आवरताना पहिली गदा ट्रंकेच्या तळाशी असलेल्या वस्तूवर येते. दहा वर्षांनी हा लेख लिहिण्यात अर्थ उरणार नाही. म्हणून तो आज लिहिला.

आमची सूचना लहान आहे आणि तिला मंडळाचा ठराव लागत नाही. प्रत्येक कुटुंबाने घरातील एक तरी हातची वस्तू काढावी. वडीलधारी मंडळी असतील तर त्यांच्याशेजारी बसून विचारून घ्यावे: कोणी शिवली, कोणाच्या कपड्यांची, कोणत्या गावी, कोणत्या साली. मग बोटभर रुंदीच्या सुती पट्टीवर ती माहिती दोऱ्याने लिहावी आणि वस्तूच्या मागच्या कोपऱ्यात टाचून टाकावी. शाई धुण्यात जाते, दोरा टिकतो. घरातील मुलांना हे काम सांगितले तर आणखी चांगले. धावदोरा एका दुपारीत येतो आणि मुलगा-मुलगी असा भेद सुई मानीत नाही. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला या वस्तू सभागृहात मांडता आल्या तर शेजारच्या बंगाली, पंजाबी, कन्नड भगिनींनाही आपापल्या घरची पांघरुणे घेऊन यावयास सांगावे. पन्नास वर्षे ज्या शहराने आपल्याला सामावून घेतले, त्याच्याशी बोलण्यास याहून चांगला विषय मिळणार नाही.

मानदासुंदरीने वडिलांसाठी काँथा शिवली आणि आपले नाव त्यावर घातले, म्हणून शंभरांहून अधिक वर्षांनी परप्रांतातील एका सरकारी नोकराला ते लिहिता आले. आपल्या मंडळाच्या पहिल्या पडद्यामागची नावे अजून काहींच्या स्मरणात आहेत. ती ज्यांना आठवत असतील त्यांनी मंडळाच्या कार्यालयात कळवावीत, ही नम्र विनंती. जमाखर्चाच्या वहीत त्यांच्यासाठी एक पान कोरे ठेवले आहे.